सोवळ्यावरचा डाग

भाऊबीजेला अक्का मला उघडा करून पाटावर बसवणार, हे मला उन्हाळ्यापासून ठाऊक होतं. साठीला आलो मी, केस म्हणाल तर कानांपुरते राहिलेत, पण तिच्या लेखी मी अजून शेंबडा धनू. दर वर्षी साताऱ्याला जायचं, शर्ट-बनियन काढायचा, आणि तिनं छातीला-पाठीला तेल-उटणं खसाखसा चोळायचं. नको म्हणायची सोय नाही. एका वर्षी अंगात ताप होता म्हणून नको म्हटलं, तर बाईसाहेब संध्याकाळपर्यंत तोंड फुगवून बसल्या.

यंदा छातीवर डाव्या बाजूला चोळण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सपाट कातडी आणि एक आडवा व्रण. आणि अक्काला आम्ही काय सांगितलं होतं? हार्टचं ऑपरेशन झालं.

तसा मी खोटं बोलणारा माणूस नव्हे. सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत, आप्पांपासूनची. आप्पा म्हणजे आमचे वडील. समोर शेतकरी असो नाहीतर मुंबईचा व्यापारी, माल ओला असेल तर ओला, किडका असेल तर किडका, मी तोंडावर सांगतो. धन्यकुमार शेठचं तोंड म्हणजे फटाक्यांची माळ, असं यार्डात म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. पण ह्या एका गोष्टीत जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच.

"आज सांगणार का न्हाई?" गाडीत बसायच्या आधी गुणमालानं, माझ्या बायकोनं, विचारलं.

"बघू."

"बघू न्हाई. तुमी न्हाई सांगितलं तर मी सांगणार. तिथंच, तुमी पाटावर बसला की."

"अगं, सणासुदीचं कशाला..."

"मग कवा? डॉक्टरीणबाई दर खेपेला इचारत्यात. मला त्यांच्या तोंडाकडं बघायची लाज वाटाय लागलीय."

हे खरं होतं. मिरजेच्या सर्जन मॅडम तपासून झालं की हात धुता धुता एकच प्रश्न विचारायच्या, बहिणीला सांगितलंत का? कारण हा रोग आमच्या घराण्याच्या रक्तातून आलेला. माझ्यात आला तसा अक्काच्यातही असू शकतो, तिनं वेळेत तपासून घेतलं पाहिजे, हे त्यांनी मला रक्ताचा रिपोर्ट आला त्याच दिवशी बजावलं होतं. मी दर वेळी म्हणायचो, सांगतो मॅडम. आणि बाहेर येऊन चपला घालेपर्यंत ठरवायचो, पुढच्या वेळी.

आता तुम्ही म्हणाल, असा कुठला रोग ज्याची एवढी लाज? तर पहिल्यापासूनच सांगतो.

गेल्या भाऊबीजेला अक्का उटणं चोळत होती आणि मधेच तिचा हात थांबला. "धनू, हे काय रं? हितं खडा लागतोय." डाव्या बोंडाच्या मागं तुरीच्या दाण्याएवढं काहीतरी होतं. दाबलं तर दुखतही नव्हतं. मी म्हटलं, चरबी असंल, तुझ्या पुरणपोळ्यांची. ती हसली नाही. म्हणाली, दाखव कुणालातरी.

दाखवलं की. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी दोन बोटांनी चाचपलं, म्हणाले, चरबीची गाठ आहे शेठ, ह्या वयात होतं, गोड कमी करा. झालं! मी गोड कमी केलं आणि गाठीला हळदीचा लेप सुरू केला. हळदवाल्याला दुसरं काय सुचणार? सौद्याला, म्हणजे लिलावाला, आलेली चांगल्यातली चांगली राजापुरी हळकुंडं बाजूला काढायची, घरी उगाळायची, आणि रात्री झोपताना थापायची. वर बंडी. सकाळी दुकानातही तीच बंडी, कारण दुकानात हळदीचीच धूळ. आमच्या घरात पिवळं नसलेलं कापड दोरीवर दिसलं तर शेजारीण विचारते, पाहुणे आलेत का?

आणि इथंच आम्ही फसलो.

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. ही गोष्ट सांगलीच्या हळदीच्या पेठेत शेंबड्या पोरालाही सांगावी लागत नाही. लाल दिसलं की साबण, एवढंच आमचं शास्त्र. उन्हाळ्याच्या तोंडाला माझ्या बंड्यांवर डाव्या बाजूला लालसर ठिपके दिसायला लागले. गुणमाला म्हणाली, साबण नीट निघंना. तिनं दोन-दोन पाण्यांतून बंड्या काढल्या. मग साबण बदलला. मग धुणंवाल्या बनाबाईवर तोंडसुख घेतलं, ती बिचारी ऐकून घ्यायची. मीही बघितले ते डाग. माझ्या छातीवरचे, माझ्या डोळ्यांनी. आणि म्हटलं, ह्या बायकांना धुणं जमत नाही.

महावीर जयंतीला बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, माझ्या हातानं अभिषेक होता. अभिषेकाला सोवळं लागतं. धोतर आणि उपरणं, वर उघडं अंग. हे सोवळं गुणमाला स्वतः धुते, नुसत्या पाण्यात. बनाबाईला हात लावू देत नाही. त्याला साबणाचा कण लागलेला तिला चालत नाही आणि दुकानातल्या कपड्यांपासून ते ती हातभर लांब ठेवते. आदल्या रात्री मी लेपही लावला नव्हता, अंघोळ करून कोरडा झालो होतो. उपरणं डाव्या खांद्यावरनं छातीशी घट्ट गुंडाळून अभिषेक केला, घरी आलो, सोवळं सोडून खुर्चीवर टाकलं आणि चहाची हाक दिली.

चहा आला नाही. बघतो तर गुणमाला उपरणं हातात धरून खिडकीपाशी उभी.

"हे काय?"

"हळद असंल. अभिषेकाची."

"हळद पिवळी आसती." ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "ह्याला साबण कुठं लागलाय?"

मी जवळ जाऊन बघितलं. डाग उपरण्याच्या आतल्या बाजूला होता, अंगाला लागते त्या बाजूला. तिनं त्यावर नख फिरवून बघितलं, मग खाली जमिनीवरच बसली.

"आवं," ती म्हणाली, "मग ते बंडीवरचे?"

एवढ्या वर्षांच्या संसारात ती माझ्यावर रडली, ओरडली, माहेरी जाऊन बसली, पण तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. उठली, माझ्यासमोर आली आणि तिनं स्वतःच्या हातानं माझी बंडी वर केली. बोंड आत ओढलं गेलं होतं. तिनं हळूच दाबलं तर रक्ताचा थेंब आला.

दुसऱ्या दिवशी मिरज. बाकावर सगळ्या बायका, कुणी डोक्याला रुमाल बांधलेली, कुणी सुनेच्या खांद्यावर मान टाकलेली. नर्स बाहेर येऊन गुणमालाला म्हणाली, चला मावशी, काका इथंच बसू द्या. "पेशंट मी हाय," मी म्हणालो, आणि माझा आवाज सौद्याचा, तो काय हळू निघतोय? सगळा बाक माझ्याकडं वळून बघायला लागला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

मॅडम तशा तरुण, माझ्या पारसपेक्षा थोड्या मोठ्या. पारस म्हणजे आमचा मुलगा. त्यांनी सोनोग्राफी केली, सुईनं तुकडा काढला. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. बुड टेकवत नव्हतं कुठं. दुकानात बसलो की उठायचो, घाटावर जायचो, आयर्विन पुलाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचो आणि परत यायचो. सौद्यात उगाच एका शेतकऱ्यावर खेकसलो, मग मागाहून त्याला चहा पाजला. जेवायला बसलो की घास फिरायचा. गुणमाला सारखी माझ्या मागं. तिला म्हटलं, मागं मागं फिरू नको, अजून जित्ता हाय मी. तर ती तिथंच रडायला लागली.

रिपोर्ट आला. स्तनाचा कॅन्सर.

मी म्हटलं, मॅडम, पेपर बदललेत. बाहेर एवढ्या बायका बसल्यात, कुणाचा तरी माझ्या नावावर आला असणार. मला खरंच तसं वाटलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "पुरुषांनाही तिथं थोड्या स्तनाच्या पेशी असतातच, शेठजी. थोड्या असतात, पण असतात. शंभर पेशंटमध्ये एखादा पुरुष निघतो. तो बहुतेक वेळा उशिरा येतो, कारण हे आपल्याला होऊ शकतं हेच त्याला कुणी सांगितलेलं नसतं."

आधी मला हसू आलं. मग असा राग आला की विचारू नका. कुणावर? काय सांगू. गल्लीतल्या डॉक्टरवर, हळदीवर, साबणावर. बायकांचा रोग मला! उद्या यार्डात कळलं तर? ज्या यार्डात माझ्या तोंडाला लोक टरकतात तिथं हे लोक तोंडावर काही बोलणार नाहीत, पण पाठ वळली की खिदळणार. मरायची भीती नव्हती असं नाही. होती, लय होती. पण त्या खोलीत पहिल्यांदा मला लाजच वाटली, हे खरं आहे.

ऑपरेशन झालं. काखेतल्या गाठींपर्यंत रोग पोचला नव्हता, नशीब. मॅडमनी पाच वर्षांच्या गोळ्या दिल्या, त्याही बायकांना देतात त्याच. गिळल्या की अंगातून वाफा निघतात, बसल्या जागी घामाघूम. गुणमाला म्हणाली, "आता कळलं का, मला पाळी जाताना काय हुत हुतं ते? तवा तुमी म्हणायचा, पंख्याखाली बस."

पारस यार्डात लोकांना सांगून आला होता, बाबांच्या छातीचं ऑपरेशन आहे. छाती म्हटल्यावर लोक हार्टच समजले. आम्ही ते तसंच चालू दिलं. हार्ट म्हणजे कसं, इज्जतीचा रोग. लोक केळी-मोसंबी घेऊन आले, माझ्याकडं आदरानं बघायला लागले. अक्का फोनवर रडली. तिचे गुडघे धरलेले, तिला मी येऊ दिलं नाही. मग तिनं नियम घेतला, तूप सोडलं. "भाऊबीजेला धनूच्या छातीला माझ्या हातानं तेल लावीन, तवाच तूप खाईन," म्हणाली. जे हार्ट कधी बिघडलंच नव्हतं त्याच्यासाठी ती इतके महिने कोरडी पोळी खात होती.

रोग घराण्यातनं आलाय असं रक्ताच्या रिपोर्टात निघाल्यावर पारस आधी तपासून आला. त्याच्यात नव्हतं. राहिली अक्का. मी फोन हातात घ्यायचो, ती पलीकडून म्हणायची, तो खडा गेला का रं? आणि मी म्हणायचो, विरघळला.

तर असा मी भाऊबीजेच्या सकाळी साताऱ्याला निघालो. सोबत दुधगावचे सुभेदार कृष्णात. आर्मीतून रिटायर झालेले, त्यांची हळद वर्षानुवर्षं आमच्याच दुकानात. त्यांची बहीण धोंडुबाई पाटणला, म्हणून कऱ्हाडपर्यंत माझ्या गाडीत. मागं बायको, शेजारी कृष्णात, आणि कृष्णातना काय हवं होतं तर बायपासच्या गप्पा. कारण बायपास त्यांचीही झालेली.

"शेठ, तुमचा टाका कुठनं हाय?" आष्टा सुटतंय तोवर त्यांनी सुरू केलं.

"छातीवर. आणि कुठनं?"

"छातीवर म्हंजे मधनं ना? माझा बगा." आणि गड्यानं चालत्या गाडीत बटणं काढली. गळ्याखालून सरळ रेघ. "आन पायाची शीर काढली असंल की. कुठल्या पायाची?"

"डाव्या."

"माझी उजव्या पायाची. मग चालताना ओढतंय का?"

"कृष्णात, मला गाडी चालवू द्या की जरा."

मागं गुणमाला खिडकीतून बाहेर बघत होती. आरशात तिचा चेहरा दिसला, हसत होती का रडायच्या बेतात होती कळेना. एवढ्यात गोळ्यांनी आपला रंग दाखवला. कानांतून वाफ, मानेवरून घाम. मी एसी वाढवला.

"आवं, ह्यो घाम बरा न्हवं," कृष्णात घाबरले. "गाडी बाजूला घ्या. जिभंखाली गोळी ठेवा. हाय का? माझ्याकडं हाय." त्यांनी खरंच खिशातून डबी काढली. इतका चांगला माणूस, आणि मी त्याच्याशी इतकं खोटं बोलत होतो. मी डाफरलो, "न्हाई लागत गोळी!" ते गप्प झाले. कऱ्हाडच्या नाक्यावर उतरताना मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अक्कास्नी म्हणावं, काळजी करू नका, कृष्णात सुभेदार अजून दोन पोती उचलतोय. तसंच तुमचंबी हुईल."

ते गेल्यावर गुणमाला पुढं येऊन बसली. उंब्रज गेलं तरी ती बोलली नाही. मी म्हटलं, बोल की काहीतरी. ती म्हणाली, "मी कशाला बोलू? आज तुमचं बोलायचं हाय."

सातारा आलं. अक्काच्या दारात रांगोळी, आत दाजी पेपर घेऊन बसलेले. दाजींना ऐकायला कमी येतं म्हणून सगळी गल्ली ऐकेल असं बोलतात. "काय शेठ! हार्ट काय म्हणतंय?" मी अंगठा वर केला. पाट मागच्या न्हाणीत तयार होता, भोवती रांगोळी, वाटीत कोमट तेल, दुसऱ्या वाटीत भिजवलेलं उटणं. अक्का पदर खोचून उभी. थोडी वाळलेली वाटली मला. तूप सोडलंय म्हणून असेल, असं म्हणालो मनात.

"काढ शर्ट."

"अक्का, डॉक्टरांनी तेल लावू नको म्हणून सांगितलंय."

"कुठल्या डॉक्टरनं? लाव फोन त्याला. म्हणावं, भनीचा हात हाय, ऑपरेशनची सुरी न्हवं. काढ."

दारात गुणमाला येऊन उभी राहिली. मी बटणाला हात लावून तसाच बसलो. शेवटी अक्कानंच ती काढली, लहानपणी काढायची तशी, खालून वर. बनियन मी स्वतः काढला आणि भिंतीकडं बघत बसलो.

अक्काच्या हातातलं तेल पाटावर ठिबकत होतं, ते ऐकू येत होतं.

"कृष्णात सुभेदाराला मधनं चिरलंय म्हणं," ती शेवटी म्हणाली. "मागं फोनवर तूच म्हणाला हुतास. हे तर आडवं हाय. आन बोंड कुठं गेलं?"

"अक्का, हार्ट न्हवतं."

आणि मग मी सगळं सांगितलं. खडा, चरबी, लेप, बंड्या, बनाबाईला दिलेल्या शिव्या, सोवळ्यावरचा डाग, बाकावरच्या बायका. थांबायला येईना मला. ह्या तोंडानं इतके महिने जे दाबून धरलं ते सगळं एका दमात बाहेर पडलं. आणि शेवटी कॅन्सर. "बायकांस्नी हुतो त्योच, अक्का. मला झाला. म्हणून न्हाई सांगितलं. लाज वाटली."

अक्का रडली नाही. तिनं हातावर तेल घेतलं आणि व्रणावरून इतक्या हलक्या हातानं फिरवलं की मला कळलंच नाही, तिथं अजून मला स्पर्श कमीच कळतो. मग ती माझ्या मागं गेली आणि पाठ चोळायला लागली.

"आप्पांच्या बंडीवरबी असायचं," ती मागून म्हणाली.

"काय?"

"लाल. डाव्या अंगाला. तू तवा दुकानात जायला लागला नव्हतास. मी धुवायची त्यांच्या बंड्या. आई मला वरडायची, साबण काढत न्हाईस म्हणून. एकदा मारलंबी हुतं तिनं मला." तिचा हात चालूच होता. "मग आप्पांनी बस्तीत अभिषेकाला जायचं सोडलं. लोक म्हणाले, विरक्ती आली. छातीत पाणी झालं म्हणून गेले ते. डॉक्टरांनी तेच सांगितलं की आपल्याला."

मला आप्पा आठवले. उन्हाळ्यातही बंडी न काढणारे, खोलीत येरझाऱ्या घालणारे, कुणी जवळ आलं की खेकसणारे. मी त्यांचा राग राग करायचो. त्यांनाही कळलं असेल का? की तेही लेपच लावत होते आणि लाल डागाला साबणच म्हणत होते? कोण सांगणार आता. मला हुंदका आला आणि मी तो आवरला नाही.

रडता रडताच म्हटलं, "म्हणून तुला सांगायचं हुतं, अक्का. हे रक्तातनं येतं. आप्पांकडनं मला आलं, तसं तुलाबी आलेलं असंल. तुला तपासून घ्याय पायजे. मॅडम कवापासनं माझ्या मागं लागल्यात."

पाठीवरचा हात थांबला.

"कवापासनं?"

"उन्हाळ्यापासनं."

मागं वळून बघायचं मला धाडस झालं नाही. थोड्या वेळानं तिनं उटणं लावलं, पाठीला, हाताला, व्रण सोडून सगळीकडं. पाणी घातलं, टॉवेल दिला. म्हणाली, "पूस नीट. थंडी हाय." आणि आत गेली. तिच्यामागं गुणमाला.

मी कपडे करून बाहेर आलो, दाजींशेजारी बसलो, उठलो, परत बसलो. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. आतून बोलणं ऐकू येत नव्हतं. पुरणाचा वास सुटला होता. दाजी ओरडून म्हणाले, भूक लागली वाटतं शेठला!

दार उघडून गुणमाला आली. पदर तोंडावर धरलेला.

"आवं," ती म्हणाली, "अक्कास्नीबी हाय. गाठ. मी हात लावून बघितलं."

"कवापासनं?"

"पर्युषणापासनं, भादव्यापासनं. दाजींस्नी सांगितलं न्हाई, कुणालाच न्हाई." तिनं पदरानं डोळे पुसले. "लेप लावत्यात. हळदीचा. आपल्याच दुकानातली हळद, तुमी धाडलेली."

मी आत गेलो. अक्का पोळ्यांवर तूप वाढत होती, इतक्या महिन्यांनी स्वतःच्याही. माझ्याकडं न बघता म्हणाली, बस, आधी ओवाळते. मी म्हटलं, ओवाळणं राहू दे, चल, आत्ताच्या आत्ता मिरज. तिनं मान हलवली. "सणाचं आलाईस, कोरड्या कपाळानं न्हाई पाठवायची मी तुला." तिनं ओवाळलं. मला दोन घास तूप-पोळी तिनं स्वतःच्या हातानं भरवली, एक घास तिनं खाल्ला. काय झालंय ते गुणमालानं दाजींच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. दाजी उठले, आतून अक्काची शाल घेऊन आले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाले, "मीबी येतो."

गाडीत बसलो. अक्का पुढं, माझ्या शेजारी. मी मॅडमना फोन लावला. सणाचा दिवस, पण त्यांनी उचलला.

"बोला शेठजी. बहिणीला सांगितलंत का?" सवयीनं त्यांनी तेच विचारलं.

"सांगितलं मॅडम," मी म्हणालो. "तिलाबी गाठ हाय. पर्युषणापासनं. घेऊन येतोय."

त्या म्हणाल्या, "या. मी आहे." मी फोन ठेवला. चावी हातात होती, पण ती फिरवायला होईना. उन्हाळ्यात सांगितलं असतं तर पर्युषणापर्यंत ती चार वेळा तपासून आली असती. तेवढंच डोक्यात फिरत होतं.

"काय इचार करतोयस?" अक्का म्हणाली. तिनं शाल अंगाभोवती लपेटून घेतली. "तू आधी सांगितलं असतंस तरी मी हळदच लावत बसले असते, धनू. मला काय तुजं ऐकायची सवय हाय व्हय?"

लहानपणापासून अक्का फक्त मला वाचवायलाच खोटं बोलते. तेव्हा ती समोरच्याकडं बघत नाही, पदराचं टोक बघत बसते. आताही ती तेच बघत होती. मी गाडी सुरू केली.